पत्ता लागायच्या आधीच

…न्हाई, तुमीच सांगा, माणसानं चांगली गोष्ट चार लोकांस्नी सांगायची का न्हाई? आता मला बघितलं की लोकं रस्ता बदलायलेत. परवा बस्तीत, म्हंजे आमच्या जैन मंदिरात, देवदर्शन घिऊन भाईर पडतोय, तर समोरनं नवीन लगीन झाल्यालं जोडपं आलं. मी नुसतं "काय रं, बरं हाय न्हवं?" म्हणाय तोंड उघडलं, तर ते पोरगं म्हणतंय, "चालू केलीया, मामा, हिनं गोळी चालू केलीया," आनि बायकोचा हात धरून पाक पलीकडच्या गल्लीनं पसार. अवो, मी काय मतं मागाय आलतो? गोळीचा इषय मी काढणारच व्हतो ती गोष्ट येगळी, पर आधी इचारपूस तर करू द्या.

मी जिनाप्पा. निपाणीच्या बाजूला बेडकिहाळात आमचं घर, रानात तंबाकू, ऊस, थोडं सोयाबीन. शिक्षण सातवी. वर्सापूर्वी मला कुणी मेंदू म्हंजे काय इचारलं असतं, तर डोक्यात असतोय, आनि काय काय जणांच्या नसतोय, एवढंच सांगितलं असतं. आनि आता बायको म्हणतीया, तुमच्या डोक्यात मेंदूबिगर दुसरं काय राहिलंच न्हाई. तिचं बी बरोबर हाय. पर हे डोक्यात कसं शिरलं ते ऐका की.

गेल्या वर्साची गोष्ट. आमचा वीरेंद्र, त्याची बायको श्रद्धा. पोरगी बेळगावच्या वडगावची, चिकोडीला शाळेत शिकवती, बोलणं कमी, काम नीट. तिला दिवस गेले. पयलंच. घरात नुसता आनंद. आमची लक्ष्मीबाई, म्हंजे माझी बायको, ती तर आंगडं-टोपडं कुठल्या रंगाचं हितपातुर जाऊन पोचली. तिसरा म्हैना सरला आनि बेळगावला दवाखान्यात स्कॅनला गेलो. गेलो म्हंजे मी बी गेलो. वीरेंद्र म्हणला, "आप्पा, तुमी कशाला?" मी म्हणलं, "गाडीत जागा हाय म्हणून." जागा असताना माणसानं घरात बसून काय करायचं?

आत काय झालं मला म्हाईत न्हाई. पर डॉक्टरीणबाई भाईर आल्या, आमाला सगळ्यांस्नी त्यांच्या खोलीत बसवलं, आनि त्यांच्या तोंडाकडं बघूनच लक्ष्मीबाईनं माझा हात धरला. चाळीस वर्सांत चारचौघांत तिनं माझा हात धरला न्हवता. बाई म्हणल्या, बाळाच्या डोक्याची वरची बाजू मिटलेलीच नाही. मेंदू धरलेला नाही. हृदय चालू आहे, हात हलतात, पण हे बाळ जगणार नाही.

हात हालत्यात म्हणल्या, तेवढंच माझ्या डोक्यात ऱ्हायलं.

म्होरचं जे करायचं ते दवाखान्यात झालं. श्रद्धा घरी आली, आनि आमच्या घरात कुणी कुणाकडं बघेना. भाकरी कोण थापतंय, कोण जेवतंय, काय पत्ता न्हाई. आनि अशा टायमाला आमची अंबुबाई आली.

अंबुबाई म्हंजे माझी धाकटी बहीण. सदलग्याला दिलीया. मनानं वाईट न्हाई, पर तिला सगळ्याचं कारण म्हाईत असतंय. पाऊस का पडला न्हाई, दूध का नासलं, कुणाचं लगीन का मोडलं, इचारायची खोटी. आली, श्रद्धाच्या तोंडावरनं हात फिरवला, रडली बी, खरं रडली, आनि सोप्यात यिऊन मला म्हणती, "आण्णा, मी त्या दिवशीच म्हणलतं. पर्युषण संपलं, पौर्णिमेला ग्रहण लागलं, आनि तुझी सून सुई-दोरा घिऊन ब्लाऊजला हूक लावत बसलती. मी हितंच व्हती, डोळ्यानं बघितलं. तिथंच बिघडलं बघ."

आता सोप्यात बोल्ल्यालं सैपाकघरात ऐकू जातंय का न्हाई? आमचं घर केवढं? आत भांड्यांचा आवाज व्हता तो थांबला.

त्या दिसापास्नं ते ग्रहण आमच्या घरात ऱ्हायलाच आलं. आकाशातलं एका रातीत सुटलं, घरातलं सुटंना. लक्ष्मीबाई कपाळाला हात लावून म्हणायची, "मीच तिच्या हातातली सुई काढून घ्याय पायजे व्हती." शेजारीण कुजबुजायची. श्रद्धा शाळेला जायची, यायची, खाली मान घालून. वीरेंद्र तर गप्पच. आमच्या वीरेंद्रला बोलायला लावायचं म्हंजे हिरीतनं मोटर वर काढाय लागती.

मला एक खोड हाय. एक गोष्ट पटली न्हाई की मला झोप लागत न्हाई. सुई लावली ब्लाऊजच्या हुकाला, आनि मिटलं न्हाई ते पोटातल्या लेकराचं डोस्कं. ह्याचा त्याला निरोप कुणी दिला? असं नेमकं आत काय घडतंय? मी इचार करतोय, करतोय, आनि आपल्याला पत्ताच न्हाई.

म्हैन्याभरानं परत दवाखान्यात दाखवायचं व्हतं. आमी चौघं. बेळगावात पोचलो, वीरेंद्र आमाला दारात उतरवून गाडी लावाय गेला तो गेलाच. त्या दवाखान्यापुढं गाडी लावाय जागा गावणं म्हंजे पुण्य पायजे. लक्ष्मीबाई लिफ्टात शिरंना, आनि गुडघ्यामुळं जिना चढंना, ती खालीच बाकड्यावर बसली. मंग सुनंसंगं आत कोण जाणार? मीच की.

डॉक्टरीणबाईनी मला बघितलं आनि नर्सला कानडीत म्हणल्या, "अज्जारन्न होरग कुंद्रस्री." म्हंजे आजोबांना भाईर बसवा. आता निपाणीकडच्या माणसाला कानडी येत न्हाई असं वाटलं असंल त्यास्नी. मी म्हणलं, "बाई, बसतो की भाईर. एक शंका तेवढी इचारतो आनि बसतो." श्रद्धा म्हणली, "असू दे मॅडम. मामांस्नी इचारू दे."

मी इचारलं, "हे बिघडलं ते कशानं?"

बाई म्हणल्या, "बऱ्याच वेळा नक्की कारण सापडत नाही. पण काय होतं ते सांगू शकते." आनि लई चांगली बाई बगा. भाईर पेशंटची एवढी रांग, तरी त्यांनी टेबलावरचा एक कोरा कागद घेतला. म्हणल्या, "अगदी सुरुवातीला बाळ तिळाएवढं असतं. त्या तिळाच्या पाठीवर एक पट्टी उमटते. अशी." कागद आडवा धरला. "मग तिच्या दोन्ही कडा वर उठायला लागतात. मधे पन्हळ तयार होतं." कागदाच्या कडा उचलल्या. "त्या कडा मधोमध एकमेकींना भेटतात, चिकटतात, आणि तिथून वर आणि खाली मिटत जातात. झाली नळी. वरच्या टोकाचा मेंदू होतो, बाकीच्या नळीतून पाठीच्या कण्यात असते ती मज्जारज्जू. सगळ्या अंगाच्या नसा तिच्याशी जोडलेल्या. वरचं टोक मिटलं नाही तर मेंदू धरत नाही. खालचं मिटलं नाही तर पाठ उघडी राहते."

मी कागदाकडं बघतोय. तिळाएवढा जीव, त्याला पाठ, पाठीला पट्टी, पट्टीला कडा. आनि ह्यो सगळा उद्योग कुणी न सांगता.

म्हणलं, "हे मिटतंय कवा? चौथ्या-पाचव्यात?"

बाई म्हणल्या, "छे. गर्भ राहिल्यापासून पहिल्या चार आठवड्यांत."

"चार आठवड्यांत?"

"पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. पुष्कळ बायकांना तोवर आपल्याला दिवस गेलेत हेसुद्धा कळलेलं नसतं."

बगा. घरात दोन माणसं तंबाकूचा दर काय लागंल ह्याच्यावर भांडाल्यात, एकजण शाळेची बस चुकली म्हणून पळालंय, सासू म्हणतीया आमटीत मीठ कमी हाय, आनि तिकडं आत मेंदूचा पाया पडून वर मिटून मोकळा. आनि आपल्याला पत्ताच न्हाई.

मंग माझ्या डोक्यात उजेड पडला. मी म्हणलं, "मंग आमच्या श्रद्धाचं ते मिटायचं कवा व्हतं?"

बाईनी मनात हिशेब केला, म्हणल्या, "साधारण जुलै संपायच्या आत."

म्हंजे नागपंचमीच्या आत. आनि ग्रहण लागलं भादव्याच्या पौर्णिमेला. मधी आख्खा श्रावण गेला, गणपती आले, गेले, पर्युषण झालं. जे व्हायचं ते नागपंचमीच्या आत होऊन बसल्यालं, आनि आमी भादव्यातल्या सुईला धरून बसलोय. मी श्रद्धाकडं बघितलं. ती त्या कागदाकडं बघत बसलती, डोळ्याला पदर लावून.

बाईनी गोळी लिहून दिली. फोलिक ॲसिड. म्हणल्या, "पुढच्या वेळी दिवस राहायच्या आधीपासून घ्यायची. हिला पूर्वी असं झालंय म्हणून मोठ्या ताकदीची देते, बाकीच्यांना साधी पुरते, पण डॉक्टरला विचारूनच. आणि एक लक्षात ठेवा, गोळीनं धोका बराच कमी होतो, अगदी जातो असं नाही." मी म्हणलं, "दिवस जायच्या आधीच गोळी?" त्या म्हणल्या, "पत्ता लागेपर्यंत वेळ निघून गेलेली असते ना, आजोबा."

घरी आलो. गोळी बघून लक्ष्मीबाई म्हणती, "पोटात काय न्हाई आनि औषध कुणाला?" मी म्हणलं, "अगं, पेरायच्या आधी रान तयार करतोय का न्हाई आपण?" तर माझ्याकडं असे डोळे केले आनि म्हणती, "सुनंपुढं काय बोलताय? वय काय तुमचं?" घ्या. डॉक्टरनं सांगितलं तर इज्ञान, मी सांगितलं तर चावटपणा. मंग तिनं दुसरं काढलं, "गोळी सूर्य मावळायच्या आत घ्यायची का नंतर?" आमच्यात सूर्य मावळल्यावर जेवत न्हाईत. म्हणलं, "आत घेऊ दे, आत. सकाळी घेऊ दे. गोळीला काय घड्याळ कळतंय?" आनि बगा, त्या दिसापास्नं रोज सकाळी श्रद्धाच्या ताटाशेजारी पाण्याचा तांब्या आनि गोळी ठेवायची कोण? लक्ष्मीबाईच. तोंडानं म्हणणार कशाला पायजे, हातानं ठेवणार.

आनि मी? मला गप बसवंना. मला एवढं मोठं कळलंय आनि गावात कुणाला म्हाईत न्हाई. मी कट्ट्यावर सांगितलं, सोसायटीत सांगितलं, ज्याच्या घरात नवी सून आलीया त्याला थांबवून सांगितलं. एकदा तर निपाणीच्या बसमधी शेजारच्या माणसाला कागदाची नळी करून दाखवली, आनि तो म्हणला, "आजोबा, माझं लगीन व्हायचंय अजून." म्हणलं, "मंग तर अगदी येळंवर गाठ पडली." दोन सासवांनी घरी यिऊन लक्ष्मीबाईला सांगितलं, तुमच्या मालकांस्नी आवरा. ती म्हणली, "मला आवरता आलं असतं तर चाळीस वर्सं थांबली असती का मी?"

तर असा उन्हाळा आला. अंबुबाईची लेक क्षमा, तिला सातवा म्हैना. सदलग्याला डोहाळजेवण. आमी सगळी गेलो. श्रद्धा यायला तयार न्हवती. लक्ष्मीबाईनं "चल गं, मी हाय" म्हणून आणलं. हिरवी साडी, फुलांची वाडी, पुरणपोळीचा घमघमाट, बायकांनी घर भरल्यालं. ओटी भरायला सुरवात झाली. एकेक सवाष्ण उठतीया. श्रद्धाचा नंबर आला, तिनं ओटीचं ताट उचललं, आनि अंबुबाई हळूच, पर सगळ्यांस्नी ऐकू जाईल इतकं हळूच म्हणती, "श्रद्धा, तू ऱ्हाऊ दे गं. यंदा ऱ्हाऊ दे. दुसरं कुणीतरी भरतंय."

श्रद्धानं ताट खाली ठेवलं. मागं सरली.

मी पुरुष मंडळींच्या पंगतीत बसलतो, दारातनं सगळं दिसत व्हतं. उठलो. बायकांच्या कार्यक्रमात आत जात न्हाईत, मला काय कळत न्हाई असं न्हाई. पर पाय आत गेले. हातात पुरणपोळी तशीच. म्हणलं, "अंबू, का गं ऱ्हाऊ दे?"

"आण्णा, तुला बायकांच्यातलं काय कळतंय? भाईर बस जा."

"त्या ग्रहणातल्या सुईमुळंच न्हवं? मंग बघ." आनि मी ती पुरणपोळी तळहातावर आडवी धरली. म्हणलं, "ही लेकराची पाठ." बायका तोंडाला पदर लावाय लागल्या. "ह्या कडा अशा उठत्यात. अशा मधी भेटत्यात. वर मिटलं की मेंदू, खाली मिटलं की कणा. हे सगळं पयल्या चार आठवड्यांत. आपल्या श्रद्धाचं हे नागपंचमीच्या आत होऊन गेलतं. ग्रहण कवा लागलं? भादव्यात. आता मला सांग अंबू, भादव्यातली सुई आषाढात मागं चालत गेली कशी?"

पुरण माझ्या कोपरापातुर वघळालंय. अंबुबाई म्हणती, "तुझं आपलं कायतरीच." पर आवाजात जोर न्हवता.

आनि मंग पाटावर बसल्याली क्षमा बोल्ली. तोवर मान खाली घालून बसलती. म्हणली, "आई, वैनीनंच मला सांगितलतं. दिवाळीला आलती तवा. दिवस जायच्या आधीच गोळी चालू कर म्हणली. डॉक्टरला इचारून मी चालू केली. माझं स्कॅन चांगलं आलं तवा सगळ्यांत आधी मी वैनीलाच फोन केलता." आनि श्रद्धाकडं हात करून म्हणली, "ये वैनी. तू भरल्याबिगर मी उठत न्हाई."

दिवाळीला. म्हंजे तिचं सोताचं जाऊन म्हैना झाला न्हवता, घरात लोकं तिलाच नावं ठेवाल्यात, आनि ह्या पोरीनं जिनं नावं ठेवली तिच्याच लेकीला जाऊन सावध केलंय. आनि आपल्याला पत्ताच न्हाई.

श्रद्धानं ओटी भरली. अंबुबाई आत गेली ती बराच टाइम आलीच न्हाई. मंग आली, हातात ताट, श्रद्धाच्या पानात तुपाची धार वाढली. एक पोळी वाढली. दुसरी वाढली. नको म्हणलं तरी तिसरी वाढली. आमच्या घराण्यात माफी अशीच मागत्यात, खाणाऱ्याचे हाल व्हत्यात.

येताना गाडीत मी श्रद्धाला म्हणलं, "पोरी, मी त्यास्नी चांगलं समजावलं का न्हाई?" ती म्हणली, "व्हय मामा. मला पयल्याच दिवशी डॉक्टर मॅडमनी हे सगळं सांगितलतं."

म्हणलं, "मंग एवढे म्हैने गप का बसलीस?"

म्हणली, "मी सांगितलं असतं तर म्हणले असते, सोताची बाजू सांभाळतीया. त्या दिवशी तुमी इचारत व्हता म्हणून मी मॅडमना म्हणलं, असू दे, इचारू दे." आनि खिडकीतनं भाईर बघाय लागली. वीरेंद्र गाडी चालवत व्हता. एवढ्या वर्सांत कवा आपणहून न बोलणारा माणूस, म्हणला, "माझं चुकलं, श्रद्धा. मी बोलाय पायजे व्हतं." झालं, तेवढंच.

आता खरी गंमत ऐका. त्यानंतर चार दिवसांनी श्रद्धाला कळलं, दिवस गेल्यात. मी बाईंच्या त्या चार आठवड्यांचा हिशेब बोटांवर मांडला. ज्या दुपारी मी सदलग्यात पोळी हातावर घिऊन कडा मिटून दाखवत व्हतो, त्याच दिवसांत, त्याच खोलीत, तिच्या पोटात खऱ्या कडा मिटाल्या व्हत्या. मी शंभर बायकांस्नी ओरडून सांगालोय, आनि ज्याचं सांगालोय ते तिळाएवढं तिथंच हजर. आनि आपल्याला पत्ताच न्हाई.

त्यानंतरचे म्हैने कसे काढले मला इचारू नका. कळून काय उपयोग, जे व्हायचं ते होऊनच गेलतं, फकस्त बघायचं बाकी व्हतं. तिसऱ्या म्हैन्याच्या स्कॅनला डोस्कं नीट दिसलं. डोक्याला कवटी धरलीया म्हणल्यावर लक्ष्मीबाई दवाखान्याच्या दारातच खाली बसली. पर बाई म्हणल्या, पाठ पाचव्यात नीट दिसेल. परत थांबा.

पाचवा लागला. गेल्या आठवड्यात गेलो. लक्ष्मीबाई लिफ्टात शिरली, डोळे मिटून, णमोकार म्हणत. वीरेंद्रला यंदा जागा पयल्या झटक्यात गावली. श्रद्धानं मला बी आत बोलावलं. पडद्यावर सगळं काळं-पांढरं, मला काय कळंना, म्हणून मी इचारलं, "बाई, काय दिसतंय?" त्यांनी भिंतीवरच्या फळ्याकडं बोट केलं. मुलगा का मुलगी सांगितलं जात न्हाई, कायद्यानं गुन्हा हाय. मी म्हणलं, "अवो बाई, ते न्हाई इचारत मी. माझं पुढच्या बाजूचं कायच म्हणणं न्हाई. मला पाठ दावा, पाठ."

बाई एवढ्या हसल्या की हातातलं मशीन थांबलं. मंग फिरवलं, आनि दाखवलं. मानेपास्नं कमरंपातुर बारीक बारीक पांढरे मणी, ओळीनं, एक बी तुटल्याला न्हाई. "पाठ बंद आहे. मेंदू छान आहे. बघा, तुमच्यासाठी हात हलवतंय." खरंच हालला. ह्या खेपंला हात हालताना मी सोता बघितला. श्रद्धा रडालीया, वीरेंद्र रडालाय, लक्ष्मीबाईनं परत माझा हात धरला, वर्सात दोनदा झालं.

मी डोळे पुसले, म्हणलं, "सुटलो बाई. झालं एकदाचं. मेंदूचं काम संपलं."

तर डॉक्टरीणबाई म्हणत्यात, "संपलं कुठं, आजोबा? आता कुठं सुरू झालंय. जन्मल्यानंतरही मेंदू घडतच असतो. चांगला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत."

पंचवीस. मी सदुसष्ट वर्सांचा. वीरेंद्रकडं बघितलं, तो एकतीस वर्सांचा हाय, पार्किंगची पावती कुठल्या खिशात ठेवलीया ते हुडकालता. मी म्हणलं, "बाई, काय काय जणांचं जरा जास्त टाइम घेत असंल न्हवं?"

त्या म्हणल्या, "घेतं की."

मंग काय. बसलोय वाट बघत.